कचऱ्याच्या अर्जावर माझी सही

बाई, चूल नुसती धुपत होती आणि तुम्ही काळीपिवळीतून उतरून शाळेच्या फाटकातून आत येत होतात. मी वऱ्हांडा झाडून, हापशावरून दोन घागरी आणून परातीत खिचडीचे तांदूळ निवडत बसले होते. लाकडं ओली. पेट घ्यावा म्हणून मी एक पन्नी, प्लास्टिकची पिशवी, चुलीत सारली, तेवढ्यात तुम्ही येऊन उभ्या. "पन्नी जाळू नका म्हटलं होतं ना मावशी? तो धूर लेकरांच्या खिचडीत जातो." पहिलीची पोरं बघत होती. त्यातलं एक ओरडलं, "मावशीला उठाबशा!" सगळी हसली, तुम्हीही हसलात. मला आतून राग आला होता, तरी पदर खोचून मी दोन उठाबशा काढल्या. त्या दिवसापासून माझ्या चुलीत पन्नी गेली नाही. घरच्याही नाही.

माझे मालक वारल्याच्या दुसऱ्या वर्षी मला हे काम मिळालं होतं. सरपंचांनी दिलं आणि काढून घेणंही त्यांच्याच हातात होतं, हे मी एक दिवसही विसरले नाही. तुम्ही शाळेमागे खड्डा खणून घेतलात. उष्टी खिचडी, पाला, भाजीची देठं खड्ड्यात. पन्न्या एका पोत्यात, कागद दुसऱ्या पोत्यात. महिन्याकाठी बाळापूरचा भंगारवाला येऊन पोती न्यायचा. कागद सारखे करून भरणं माझ्याकडे होतं. पहिलीचा वर्ग चुलीला लागूनच. भिंतीपलीकडे पोरं अक्षरं ओरडायची आणि मी इकडे ती कागदावर शोधायची. असे दोन पावसाळे गेले. एकदा मी पेपरातली बातमी बोट ठेवून वाचत होते आणि तुम्ही मागे येऊन थांबलात.  त्यानंतर पोत्यात सगळ्यात वर पुरवणीची अख्खी पानं असायची, घडीसुद्धा न मोडलेली. ती तुम्ही घरून आणता हे मला कळत होतं. आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही.

मग दिवाळीच्या आधीचा तो आठवडा. तुम्ही वर्गात सांगितलंत, उद्या प्रत्येकानं घरून ओला कचरा आणायचा, आपला खड्डा भरायचा. तुम्ही शहरातल्या. आमच्याकडे उकिरडा म्हणजे घरचं धन. ज्याचा त्याचा वेगळा, बांध घातलेला. वर्षभर साठवायचा, मग शेतात न्यायचा. दिवाळीत त्यावर पणती लावतात, आणि सण तोंडावर आला की त्यातलं चिमूटभर कोणाला देत नाहीत. मला हे माहीत होतं. मी खिचडी ढवळत ऐकत होते. इतकं शिकलेल्या बाईला मी काय सांगू, असं वाटलं आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी लेकरं डबे, टोपल्या घेऊन आली. तिसरीतल्या एका पोरीनं तर घमेलं भरून मुरलेलं शेणखत आणलं. तुम्ही तिचं कौतुक केलंत. तासाभरात तिची आजी फाटकात उभी. "काहून वो बाई, आमच्या घरची लक्ष्मी शाळंत पुरून राहिल्या तुमी?" तुम्ही हात जोडलेत, घमेलं परत दिलंत, चुकलं म्हणालात. पण गावाला विषय मिळाला होता. "पगार शिकवायचा घेती अन् लेकरायला उकिरड्यात लोटती." "आमी जन्मभर खत केलं, ही आमाला कचरा शिकवून राहिली व्हय?" माझ्या सासूबाईसुद्धा त्यातच. पन्न्यांचं मात्र कोणीच बोललं नाही. त्याच उकिरड्यांवरून त्या शेतात जात होत्या, गुरांच्या पोटात जात होत्या. तुम्ही तेच सांगायला निघाला होतात.

चार दिवसांनी दुपारी सरपंचांनी मला पंचायतीत बोलावलं. टेबलावर अर्ज होता, खाली निळ्या अंगठ्यांची रांग. "वहिनी, तुमचा बी द्या. शाळेतलीच बाई म्हणल्यावर वजन पडतंय." शिपायानं शाईची डबी पुढे केली. चारचौघांत त्यात अंगठा बुडवायची मला लाज वाटली. मी पेन मागितला. सरपंच हसले, "अरे वा! वहिनी शिकल्या की. कोणी शिकवलं?" मी म्हणाले, "आपलं आपणच." आणि सही केली. आयुष्यातली पहिली.

महिनाभरात तुमची बदली झाली, पुसेगावकडे. जायच्या दिवशीही कागदाच्या पोत्यात वर पुरवणी होती.

तीन वर्षांनी वारंगा फाट्यावर एसटीची वाट बघताना तिकडच्या शाळेतली एक शिक्षिका शेजारी बसली. बोलता बोलता तुमचं नाव निघालं. "त्या गेल्या की हो. कावीळ झाली, आठ दिवसांत संपल्या." माझी गाडी आली आणि गेली, मी उठलेच नाही. ती सांगत होती, तिथंही तुम्ही खड्डा केला होता, पण आधी घरोघरी जाऊन, म्हाताऱ्यांना विचारून. मग म्हणाली, "बाई लेकरांना एक गोष्ट सांगायच्या. त्यांच्या आधीच्या शाळेत म्हणे एक मावशी होती, रद्दीच्या पोत्यातून वाचायला शिकली." ती मावशी मीच, हे मी तिला सांगितलं नाही.

आज आमच्या शेतात नांगराच्या फाळाला पन्न्या गुंडाळून येतात. शाळेमागचा खड्डा बुजलाय, त्यावर पोरी लंगडी खेळतात. घरात सासूबाई नाहीत, मालक नाहीत. वाचायला पुष्कळ आहे. मालकांसाठी रडले ते गावानं पाहिलं. तुमच्यासाठी कुठं रडू, कोणापाशी, ते मला अजून समजलेलं नाही. हे पत्र कुठं टाकायचं तेही समजत नाही. घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवीन.

एक सांगायचं राहिलं. त्या अर्जावर सही करण्याआधी मी तो वाचला होता. हळूहळू, ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत. 'सदर शिक्षिकेची तात्काळ बदली करावी' हेही वाचलं. काम जाईल, या भीतीनं केली सही. अर्ज त्याच संध्याकाळी हेडमास्तरांकडे आला आणि तुम्ही तो पाहिलात. इतक्या अंगठ्यांत एकच सही.

दुसऱ्या दिवशी मी रोजच्या वेळेला शाळेत आले, चूल पेटवली, तांदूळ निवडायला घेतले. तुम्ही जवळ येऊन खाली बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "मावशी, त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला कोणी वाचून दाखवलं नसेल."

मी परातीतून मान वर केली नाही. म्हणाले, "न्हाई दाखवलं बाई. मला कुठं वाचता येतं."