सतरा नंबरचा बिल्ला

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (गुडघा सुजल्यामुळे तूर्त लेखीच.) नवी कवळी बसली का? मागच्या पत्रात तुम्ही ती खिशात ठेवून जेवता असं लिहिलं होतंत, त्यावरून बसली नसावी. इकडे सगळे ठीक आहेत, गुडघा वगळता. आणि त्याचीच हकिगत कळवायची आहे.

बाबांची खाण बंद पडली तिथे आता संग्रहालय झालंय. बाबांनी तिथल्या दिवाखोलीत एकतीस वर्षं काढली, म्हणजे खाली उतरणाऱ्याला दिवा आणि नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा, वर आला की दोन्ही परत घ्यायचे. तेव्हा त्यांना तिथे नेलं तर बरं वाटेल असं मला वाटलं. (माझ्या बहुतेक दुखण्यांची सुरुवात 'मला वाटलं' इथूनच होते.)

दिवाखोली जशीच्या तशी मांडलेली होती, फक्त दिवे उलटे टांगलेले. बाबांनी 'हात लावू नये' ही पाटी उचलून बाजूला ठेवली, काउंटरच्या आत गेले, दिवे सरळ केले आणि रांगेतल्या प्रत्येकाला बिल्ला द्यायला लागले. गाइडबाई आधी गडबडल्या, पण लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, मग त्याही गप्प राहिल्या. बेचाळीस बिल्ले गेले. मला सतरा नंबर मिळाला, ओळख न दाखवता.

पुढे नकली बोगदा आणि त्याच्या टोकाला खाणीतल्या लिफ्टचा पिंजरा होता. दार कसं लागतं ते पाहायला मी आत शिरून ते ओढलं. लागतं. उघडत नाही. मी हाका मारल्या; पण तिथे दर पाच मिनिटांनी सुरुंगाचा रेकॉर्ड केलेला आवाज होतो आणि त्यामागून माणसांच्या हाका येतात, त्यामुळे माझ्या हाकांचं कौतुकच झालं. 'किती खरं वाटतं नाही!' असं एक बाई म्हणाल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. मग मी दाराला गुडघा मारला. दार शाबूत आहे.

पाच वाजता गाइडबाई कुलूप घेऊन आल्या. बाबा दारात आडवे उभे. (हे मला नंतर कळलं.)

"एकेचाळीस आलेत. एक माणूस खाली आहे."

"आजोबा, खाली काही नाहीच. नुसतं सिमेंट आहे."

"मग सिमेंटात शोधा."

त्यांनी कोणालाही हलू दिलं नाही. अर्ध्या तासाने पहारेकऱ्याने पहारीने दार उचकटलं. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हात पुढे केला आणि म्हणाले, "बिल्ला." मी दिला. तो खिळ्याला अडकवल्यावर मात्र ते बराच वेळ स्टुलावर बसून राहिले आणि त्यांची मूठ काही माझ्या बाहीवरून सुटेना. मी गुडघा दुखतोय असं सांगितलं.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता.क. खरं काम असं, की संग्रहालयाने बाबांना दर शनिवार-रविवार दिवाखोलीत बोलावलंय. ते हो म्हणून बसलेत, पण आईला सांगायची छाती त्यांच्यात नाही, माझ्यातही नाही. एकतीस वर्षं तिने भोंग्याकडे कान लावून काढली. अजून खाणीचं नाव निघालं की ती भांडी जोरात घासते. ती फक्त तुमचंच ऐकते. तेवढा विषय काढा.

ता.क. दादा, हे मी लिहितेय. पाकीट टाकायला या शहाण्याने माझ्याकडेच दिलं, तेही न चिकटवता. तू काही समजूत घालायला येऊ नकोस. त्यांना जाऊ दे. मला भाजी आणायला दहा मिनिटं उशीर झाला तरी हे फाटकात येऊन उभे राहतात. तिथे चाळीस माणसांत ती काळजी जरा वाटली तरी जाईल.