फायटरला सोबत हवी म्हणे

४ फेब्रुवारी, रविवार

हो, म्हणाले मी मामाला निर्लज्ज! तोंडावर म्हणाले, बिस्किट घशात असताना. आणि तू काय असा पांढराफटक होऊन बघतोयस माझ्याकडे? कागद आहेस, कागदासारखा गप पड. बाजू घ्यायची तर माझी घे, नाहीतर मिट!

झालं काय ते ऐक. मावशीचा मासा आहे ना, निळा-काळा फायटर. खिडकीजवळच्या कपाटावर दहा-बारा लिटरची टाकी, त्यात हा एकटा. शेपूट म्हणजे ओल्या रेशमाचा पदर. मामा दर रविवारी येतो, मावशीचा हातातला आरसा उचलतो आणि टाकीच्या काचेला लावतो. समोर दुसरा फायटर दिसला की हा कल्ले फुगवून काचेवर धडका मारतो. मामा हसतो. पोट आधी हसतं, मग तो. ‘बघ बघ, कसा पेटला!’ मासा दमून तळाशी बसेपर्यंत हा खेळ. किळस येते मला.

आज वर म्हणतो, ‘एकटा राहून राहून चिडका झालाय. सोबत हवी त्याला.’ आणि पिशवीतून प्लास्टिकची दुसरी पिशवी! आत गप्पी मासे, नारिंगी, झगझगीत शेपट्यांचे. मी ‘थांब’ म्हणेपर्यंत ओतलेसुद्धा. ओलं बोट सोफ्याला पुसलं.

मी म्हणाले ते म्हणाले. मावशी फक्त ‘हं’ म्हणाली. ती नेहमी ‘हं’च म्हणते.

५ फेब्रुवारी

एका गप्पीची शेपूट गेली. नुसतं बूड उरलंय, आणि तरी पोहतोय! शी.

६ फेब्रुवारी

सकाळी तोच वर तरंगत होता. एक डोळा नाही. मी ब्रश तोंडात घेऊन उभी, पेस्टची चवच गेली.

साधी गोष्ट आहे — गप्पीची शेपूट रंगीत, फडफडती. फायटरला वाटतं, आला दुसरा फायटर. म्हणजे मामाने काय केलं? आरसाच पाण्यात सोडला, जिवंत! उरलेले गाळणीने पकडले आणि दुकानात परत नेले. दुकानदार नाक पुसून त्याच हाताने टाकीतली घाण काढत होता. ‘मॅडम, फायटरबरोबर सगळं चालतं. सवय होते.’

‘कोणाला?’

‘दोघांपैकी जो उरतो त्याला.’

आणि हसला. दातांत काहीतरी हिरवं.

संध्याकाळी मावशी गाळणी हातात धरून उभी. ‘ही चहाची होती,’ म्हणाली. एवढंच. मग ती कचऱ्यात टाकली. बाई हळवी आहे जरा.

९ फेब्रुवारी

मावशी दिवसभर दवाखान्यात लोकांचे कान तपासते. बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन, आणि शिट्टी बारीक बारीक करत न्यायची. ‘ऐकू आलं की बटण दाबा.’ घरी येते तेव्हा चेहरा पिळून वाळत घातल्यासारखा. म्हणून तर आईने मला इथे पाठवलं. ‘पन्नाशीची बाई, एकटी, उद्या न्हाणीघरात पडली तर कोणाला कळणार? तू गेलीस की मला झोप लागेल.’ मलाही कादंबरीसाठी खोली हवीच होती. आंधळा मागतो एक डोळा! मावशीने आतली खोली मला दिली, आपण हॉलमध्ये सोफ्यावर झोपते. तिला माशाजवळच आवडतं म्हणे. म्हणे म्हणजे — मामा म्हणाला.

आज जेवताना तिला दुसरं प्रकरण वाचून दाखवलं. त्यात एकही पूर्ण वाक्य नाही. मुद्दाम नाही ठेवलं. ती टाकीकडे बघत ऐकत होती. ‘कसं वाटलं?’ ‘हं.’ जाणकार श्रोता असाच असतो, उगाच वाहवा करत नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

गोल्डफिश!! मामाने गोल्डफिश आणला!

‘हा शांत. शेपूट बघ, साधी. आणि जाड आहे ना, जाड माणसं शांतच असतात.’ स्वतःच्या पोटावर थाप मारली. मी म्हटलं, मामा, याला थंड पाणी लागतं, फायटरला कोमट. हा केवढा वाढतो माहितीये? आणि घाण किती करतो!

‘लेखिकाबाई, आधी लिहून संपवा, मग मासे शिकवा. काय गं छोटे?’

मावशीला तो अजून छोटी म्हणतो. छोटी सोफ्यावरून उठली आणि भांडी घासायला गेली. सकाळी घासलेली भांडी.

१२ फेब्रुवारी

तू खाऊन बसला असशील तर पुढचं वाचू नकोस.

गोल्डफिश शी करतो आणि ती तुटतच नाही. मागे दोरा लोंबतो, लांबच लांब, आणि हे ध्यान तो दोरा ओढत टाकीभर मिरवतं. जिथे फायटर तिथे हा. तोंड उघडं, बंद, उघडं. काहीही दिसलं की तोंडात घ्यायचं, चघळायचं, थुंकायचं. फायटरच्या पानावर हाच बसतो. (फायटर एका रुंद पानावर टेकून झोपायचा. माणसासारखा, कुशीवर.) आता तो वरच्या कोपऱ्यात, काचेला चिकटून. मारत नाही, फुलत नाही. मधूनच वर येऊन हवेचा एक घोट घेतो आणि परत तिथेच.

पाणी पेजेसारखं गढूळ. वास सुटलाय. मावशी कामावरून आली, पर्स ठेवली, बादली उचलली.

मी म्हटलं, ‘तू बोलत का नाहीस मामाला? तुझं घर आहे!’

‘हो,’ म्हणाली. ‘माझंच आहे.’ आणि नळी तोंडात धरून पाणी ओढलं. शी!

१३ फेब्रुवारी

फायटरच्या शेपटीच्या कडा कुजायला लागल्यात. पांढऱ्या, झिरझिरीत.

आज फ्रिज उघडला तर बर्फाच्या ट्रेशेजारी गोठवलेल्या लाल अळ्यांची वडी. माशाचं जेवण. मी सरबत करायला गेले होते! ओरडले. मावशी म्हणाली, ‘त्या आधीपासून तिथेच असतात.’

असतील! पण माणसं राहतात ना आता या घरात.

१४ फेब्रुवारी

गोल्डफिश परत दिला. दुकानदार म्हणाला, ‘मग कोरी मासे न्या. तळाशी राहतात, साफसफाई करतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात.’ मी फसले नाही. कोऱ्या घोळक्यात राहतात, एकटीदुकटी झुरते. आणि घोळका या टाकीत म्हणजे बाकावर वऱ्हाड. छोट्या कोळंब्या? त्या तो चणेफुटाण्यांसारख्या खाईल.

नियम मी ठरवलेत. सोबती असा हवा: रंगाने मळका, शेपूट नाही, घाई नाही, आवाज नाही, जागा कमी खाणारा, आणि आपली घाण आपण निस्तरणारा. असं कोणी जगात आहे का?

घाणीवरून आठवलं. न्हाणीघरात मावशी ओणवी होऊन जाळीतून केस काढत होती. लांब, काळा, साबणाने बुळबुळीत गुंता, मेलेल्या उंदरासारखा. शी शी शी! मी दारातूनच तोंड फिरवलं. ‘तुमचं ड्रेनेजच भिकार,’ म्हटलं. मावशी स्वतःच्या कानापर्यंतच्या केसांवरून ओला हात फिरवत म्हणाली, ‘हं.’

१७ फेब्रुवारी

सापडला! सापडली! गोगलगाय!

बोराएवढी, पट्ट्यापट्ट्यांची. काचेवरचं शेवाळ खाते. भांडत नाही, धावत नाही. मी चिमटीत धरून हळूच काचेला लावली. फायटर आला, नाक लावून बघितलं, गेला. मी टाळ्या वाजवल्या. मावशीला सोफ्यावरून उठवलं, ‘बघ ना, बघ! आता तो एकटा नाही!’

ती उठून बसली. चष्मा घातला. टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

‘तो एकटा होता तेव्हा रोज पानावर झोपायचा,’ म्हणाली.

म्हटलं, झोपेल गं परत! मग तिसरं प्रकरण वाचून दाखवलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

मामा आला. ‘गोगलगाय नि पोटात पाय! ही काय सोबत? दगड बरा.’

मी सोडला नाही त्याला. म्हटलं, सोबत आणायची तर आधी विचारावं, की बाबा रे, तुला हवी का? नुसतं पिशवी फाडून ओतलं की झालं? ज्याचं घर त्याला विचारायची पद्धत नाही तुमच्यात? तो फिरतो कुठे, झोपतो कुठे, काही बघितलंत? आपल्याला एकटं बघवत नाही म्हणून दुसऱ्याच्या पाण्यात जीव सोडायचे!

काय बोलले मी! प्रकरणात घालणार आहे. मामाचा चहा निवला. मावशी माझ्याकडे बघतच राहिली, तोंड थोडं उघडं, माशासारखं. आणि पहिल्यांदाच ‘हं’ म्हणाली नाही.

मामा जाताना दारात म्हणाला, ‘छोटे, पोरगी आली आणि घराला जाग आली बघ.’

तेवढ्यात फायटरने गोगलगायीचं एक शिंग तोडलं. ती आत गेली ती गेलीच. अजून बाहेर नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळी दूध आणायला उतरले, पिशवी विसरले, परत आले. दार लोटलेलं. मावशी फोनवर, मामाशी. इतकी वाक्यं तिला येतात हे मला माहीत नव्हतं. ‘काल ती बोलली ना, दादा? तेच. मला कोणी विचारलं? ताईने नाही, तू नाहीस. बॅग घेऊन उभीच दारात. दिवसभर मी लोकांच्या कानात शिट्ट्या वाजवते रे. घरी मला काहीच ऐकायचं नसतं... नाही, तिला सांगू नकोस. चांगली आहे पोरगी. जीव लावते.’

दूध न घेता जिन्यातच बसून राहिले, ती कामावर जाईपर्यंत.

जाळी मी साफ केली. केस माझेच होते. ओकारी आली तरी हाताने केली. तिची उशी आतल्या पलंगावर नेऊन ठेवलीये. गोगलगाय बरणीत, बरणी माझ्या बॅगेत. आरसा कपाटात, पाठमोरा.

फायटर पानापाशी आलाय. टेकला नाही अजून.

संध्याकाळ झाली, लिफ्ट वर येतेय. तीच असणार. मी जिन्याने.