गाडीच्या फटीतली पानं

ती. ताईंना नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. आम्ही दोघं, म्हणजे तुमच्या आई आणि मी, बरे आहोत. घर फार शांत आहे, पण ते तुम्हाला सांगायला नको. रविवारी तुम्ही आईंना कायमचं तुमच्याकडे न्यायला येणार, त्याची तयारी सुरू आहे. (म्हणजे बॅग कपाटावरून खाली काढली आहे. आत अजून काही नाही.)

लिहायचं कारण गाडी. समोरच्या काचेखाली, वायपरच्या पायाशी ज्या फटी असतात, त्यांतून गाडीत हवा येते. शेजाऱ्यांचं झाड नेमकं या फटींवर वाकलेलं. तुमची बहीण रोज कामावर निघताना त्या फटींतली पानं वेचून काढायची, हे मला ती गेल्यावर कळलं. (इतकी वर्षं मला वाटायचं, ती काच पुसते.) त्यानंतर कुणीच काही वेचलं नाही. मग एकदा आईंना डोळे दाखवायला नेताना मी पंखा लावला, तर आधी आत कुणीतरी कागद चुरगाळतंय असा आवाज आला आणि पाठोपाठ सुक्या पानांचा चुरा आम्हा दोघांच्या तोंडावर. आईंनी चष्मा पुसला, केसांतून एक देठ काढला आणि म्हणाल्या, "बरं झालं, डोळ्यांच्याच डॉक्टरकडे चाललोय." घरात किती दिवसांनी कुणी थट्टा केली होती. हसावं की माफी मागावी ते मला कळेना, म्हणून मी गियर बदलला.

पहिला उपाय माझा. फटींवर चिकटपट्टी लावली. हवाच बंद झाली, काच आतून धुरकट झाली आणि मी कचऱ्याच्या पिंपाला धडकलो. (हळूच. पिंप बरं आहे.) दुसरा उपाय आईंचा. खिडकीची डासांची जाळी कापून त्यांनी ती फ्रिजवरच्या लोहचुंबकांनी पत्र्यावर बसवली. ती चुंबकं फळांच्या आकाराची आहेत. सिग्नलला मी वायपर लावला, तो जाळीत अडकला आणि एक केळं उडून शेजारच्या मोटारसायकलवाल्याच्या मांडीवर पडलं. तो म्हणाला, "काका, फळं वाटताय का?" आईंनी काच खाली केली. "एकच होतं रे बाळा, परत दे."

शेवटी त्यांनी फटींची पट्टीच स्क्रू काढून सोडवली, जेवणाच्या टेबलावर उलटी ठेवली आणि जाळी बारीक तारेने खालच्या बाजूने शिवली. टाके असे सरळ, की मी नुसता बघत राहिलो. आतली पानं चिमट्याने उपसली. मी बॅटरी धरून उभा होतो, तेवढंच माझं काम. आईंबद्दल आदर मला आधीही होता, पण तो नात्याने आलेला होता. आताचा बघून आलेला आहे. संध्याकाळी आम्ही मोठा फेरा मारून आलो. पंखा पूर्ण सोडला, नुसती स्वच्छ हवा. आई म्हणाल्या, "तिला दाखवायला हवं होतं." पंखा मात्र आम्ही घरी येईपर्यंत कमी केला नाही.

साडूभाऊंना नमस्कार सांगा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. जाळी नवी आहे. तिच्यावर लक्ष ठेवावं लागेल आणि मला एकट्याला ते जमेलसं वाटत नाही. तेव्हा रविवारी या जरूर, जेवा, पण आईंना इथेच राहू दिलंत तर बरं होईल. त्यांना मी विचारलेलं नाही. त्यांना भीड पडेल.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार तोच शेजारी आले. गाडीवरची फांदी छाटून देतो, म्हणजे कटकटच मिटेल, असं ते मागे म्हणाले होते. मी नको म्हटलं होतं, सावली जाईल म्हणून. आज हसत होते. म्हणाले, तुम्ही नको म्हणालात त्याच्या आदल्याच दिवशी तुमच्या सासूबाई येऊन नको सांगून गेल्या. पाखरं बसतात म्हणून.