बाराव्या दिवशी काढलेले टाके

आई, काल माझ्या पाठीवरचे टाके काढले, चौदाव्या दिवशी. पण तुला सांगायचं आहे ते सातव्या दिवसाचं. पाठीवरचा तीळ वाढत होता म्हणून कापून काढला. तपासणीत वाईट काही निघालं नाही, तेव्हा घाबरू नकोस. डॉक्टरीणबाईंनी चौदा दिवसांनी बोलावलं होतं. मी सातव्या दिवशीच मालाडला, तीळ काढला त्याच दवाखान्यात जाऊन बसले आणि म्हटलं, टाके काढा, उशीर झाला की खुणा राहतात, मला शिकवू नका. डॉक्टरीणबाई म्हणजे पोरगीच, माझ्या मुलीच्या वयाची. हसली. "काकू, चेहरा नाहीये ना हा, पाठ आहे. चेहऱ्याचे पाचव्या दिवशी काढतो आम्ही. पाठीचे आज काढले आणि तुम्ही बादली उचलायला वाकलात, की जखम उसवलीच समजा. जा घरी." मी ब्लाउज सारखा केला आणि उठले.

तिथून निघताना आठवलं: मी नऊ वर्षांची आहे. गालावरची गाठ म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात काढली आहे, पाचव्या दिवशी परत या म्हणून सांगितलंय. तू मशीनवर बसून शेजारणीला म्हणते आहेस, "एवढ्यात कसले काढतात? कोवळा गाल पोरीचा. उसवला तर आयुष्यभराचं होईल." चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायचीस तू; पक्की शिवण बसल्याशिवाय कच्चा धागा ओढायचा नाही, हा तुझा नियम. बाराव्या दिवशी नेलंस मला. सिस्टर सगळ्यांसमोर ओरडली, "बाई, पोर आहे की कापड आहे हे? वेळेवर आणायला काय झालं होतं?" तू मान खाली घातलीस. जखम छान भरली होती. फक्त तिच्या दोन्ही बाजूंना टाक्यांच्या आडव्या खुणा उमटल्या होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या.

त्या खुणा मी तुला किती ऐकवल्या! फोटो काढताना, एखाद्या स्थळाकडून नकार आला की, आणि बी.ए. झाल्यावर तर आवाज न चढवता, नेमक्या शब्दांत. पाच म्हणजे पाच, आई, त्यात तुझी अक्कल कशाला? तू माझ्या गालाला खोबरेल चोळायचीस. तू हयगय केलीस असंच मी धरून चालले. टाके लवकर काढले तर जखम खरंच उसवते, तुझी भीती खोटी नव्हती, फक्त गालाला ती लागू नव्हती, एवढं कळायला मला एकसष्टावं वर्ष उजाडलं.

शेवटच्या आजारात एका दुपारी तू माझ्या गालावर बोट फिरवलंस आणि विचारलंस, "अजून दिसतात काय गं?" मी औषधाची बाटली बंद करत म्हटलं, "दिसतात." सवयीनंच म्हटलं. तू हात काढून घेतलास.

हे पत्र पाठवायचं कुठे? तेव्हा तोंडावर सांगायचं होतं ते आता लिहिते आहे. दिसत नव्हत्या, आई. माझ्या लग्नाच्या आधीपासूनच दिसत नव्हत्या.