वेंधळा कोणाला म्हणायचं

५ डिसेंबर १९७१, रविवार
या हातांनी आजवर केलेलं: देवघर, तीन भंगार सायकलींतून मुलीची एक, दोन हातपंप, आणि फॅक्टरीत एकशे चौदा गेज. गेज म्हणजे तोफेच्या गोळ्याचा व्यास तपासायचं पोलादी माप, केसाएवढी चूक चालत नाही. शाळा चौथीपर्यंत. शिकवलं कोणी नाही.
लढाई लागली, सुट्टी रद्द. बारा तासांची पाळी.

७ डिसें.
तयार गेज फरशीवर पडलं, कड चेपली. आठ दिवसांचं काम. दत्तूच्या हातात देत होतो. सहा जणांसमोर बोललो, "वेंधळ्या, हात आहेत का फावडे?" सगळे हसले. नऊ वर्षं माझ्याच बाकावर आहे तो. म्हणाला, "चुकलं, मिस्त्रीजी."

८ डिसें.
जेवताना हे घरी सांगितलं. पोरीची शाळा हिंदी, मराठी कळते अर्धी. तिनं विचारलं, "वेंधळा मतलब?" समजावलं: गबाळा कपड्यांनी, धांदरट घाईनं. वेंधळा तो, ज्याचं मन एकीकडे, हात दुसरीकडे.
"अच्छा. तो कल आपसे चाय छूटी, तब?"
हिनं तिला गप्प केलं. म्हणे, बाबा थकले आहेत.
दत्तूकडून पडलं तर वेंधळा. माझ्याकडून पडलं तर थकवा.

९ डिसें.
नीट लिहितो. बाकावरची रीत मीच घातलेली: घेणारा "आलं" म्हणेपर्यंत देणाऱ्यानं बोटं सोडायची नाहीत. दत्तू "आलं" म्हणाला नव्हता. उजव्या हाताची बोटं दोन महिन्यांपासून मला न विचारता उघडतात. कोणाला सांगितलं नाही.

११ डिसें.
साहेबांनी दत्तूला पॅकिंगला टाकलं. खोके ठोकून राहिला. गेजच्या बाकावर आता परत घेणार नाहीत.

१२ डिसें.
पाळी सुटल्यावर शहराच्या पार टोकाला, गढ्याला, दत्तूच्या घरी गेलो. खरं सांगायचं ठरवून.
"काहून आले जी एवढ्या दूर?" मग हळूच, "मी काही बोललो नाही साहेबांजवळ. बोलणार बी नाही."
म्हणजे त्याला माहीत आहे. कप दोन्ही हातांनी धरून चहा प्यालो. थंडीवर बोललो. परत आलो.

१४ डिसें.
फोरमन साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, आज सांगून टाकू. तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, हेडमिस्त्री तुम्हीच व्हा, असा हात दुसरा नाही. मी नको म्हटलं. कारण विचारलं, तर चष्म्याचा नंबर वाढला म्हणालो. बाहेर सगळे म्हणतात, केवढा साधा माणूस. दत्तू पॅकिंगलाच आहे.
पाच तारखेच्या यादीत आज भर: हेडमिस्त्रीची जागा, दरमहा पंचेचाळीस रुपये जास्त. नाकारली.