‘आम्ही’ या शब्दाची दुरुस्ती

मी, केतकी विश्वनाथ ओगले, वय एकतीस, धंदा नोकरी, मूळ राहणार वाई, जिल्हा सातारा, हल्ली मुक्काम निशी-कसाई, तोक्यो, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. याआधी १२ ऑक्टोबर २०२५ रोजी मी एक मृत्युपत्र केले होते. ते याद्वारे रद्द करते. त्यातील कलम सातमध्ये मी असे लिहिले होते : “मला आजवर कोणीही लग्नाचे विचारलेले नाही, सबब माझ्या पश्चात कोणाची वेगळी समजूत घालण्याची गरज नाही.” हे विधान चुकीचे आहे. मला विचारले गेले होते. दिनांक २८ एप्रिल २०२४, निशी-कसाई स्टेशन, फलाट. मला ते पावणेदोन वर्षांनी कळले. खोटे लिहिण्याचा हेतू नव्हता, पण दस्तात चूक राहिली ती राहिलीच, म्हणून हा दस्त नव्याने करत आहे.

१. मृत्युपत्राचे कारण. येत्या १७ फेब्रुवारीला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको. काळजी नको असे कोणी म्हटले की मी यादी करायला बसते. हा दोष जन्मापासूनचा आहे. त्यामुळे पाचवीपर्यंत मला शाळेत घातले नाही. वडील वाईला निबंधक कचेरीबाहेर दस्तलेखक होते. त्यांनीच घरी शिकवले, आणि घरात पुस्तकांपेक्षा जुने दस्त जास्त असल्यामुळे मी त्यांवरच वाचायला शिकले. कमळ आणि बदकाच्या आधी मला ‘चतुःसीमा’ वाचता येत होते. बाबा म्हणायचे, “केतू, शब्दावर बोट ठेवून वाच. ‘व’ आणि ‘किंवा’ यांच्यात लोकांची शेतं गेलीत.” एकदा त्यांनी एक जुनी सनद दाखवली. तिच्यात सगळीकडे ‘आम्ही’ होते. मी विचारले, हे किती जण आहेत? ते म्हणाले, “खाली सह्या किती आहेत ते बघ.” सही एकच होती. सरदार लोक एकट्यालाच आम्ही म्हणतात, हे मी सातव्या वर्षी शिकले. ते येथे मुद्दाम नोंदवत आहे. मला माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही.

२. वाईच्या घरातील माझा अर्धा हिस्सा आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझी आई, कल्पना विश्वनाथ ओगले, हिला द्यावे. आईने त्यातून स्वतःसाठी खर्च करावा, देवस्थानांना वाटत बसू नये. घराचा दुसरा अर्धा हिस्सा भाऊ नचिकेत याचा आहेच. त्याने मागच्या गच्चीवर माझ्या परवानगीशिवाय पत्रे घातले, ते मी माफ करते. हिरवे घातले, ते माफ करत नाही.

३. राधिकाआत्या यांना काहीही देऊ नये. त्या विसरून राहिलेल्या नाहीत. “बिघडलेलं हृदय घेऊन हिला कोण करणार?” हे त्यांनी मी बारा वर्षांची असताना, माझ्यासमोर, माझ्याच वाढदिवसाचे श्रीखंड खात म्हटले होते.

४. बाबांचे मराठी टंकलेखन यंत्र नचिकेतने घ्यावे, पण त्याचा शोभेसाठी दिवा वगैरे करू नये. माझे जपानी शब्दकोश ऑफिसातील ज्या कोणाला हवे असतील त्याला द्यावेत. माझे काम दुसऱ्यांनी केलेली तांत्रिक भाषांतरे तपासण्याचे आहे. समासात मी पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या खोडू नयेत, त्या बरोबर आहेत. सायकलची नोंदणी माझ्या नावावर आहे, ती आधी बदलून घ्यावी. न बदलता चालवली तर पोलीस थांबवतात आणि मग माझ्या नावाची चौकशी होते. प्रेशर कुकर स्नेहलताताईंना द्यायचा होता, पण त्या या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून तो मी त्यांना कालच देऊन टाकला.

५. एक स्टीलचा डबा, मध्यम आकाराचा, झाकणावर ‘सौ. दमयंती सदानंद जहागीरदार’ असे कोरलेले. हा माझा नाही. आमच्या इमारतीत पूर्वी ४०४ मध्ये राहणारे अद्वय सदानंद जहागीरदार यांच्या आईंचा आहे. त्यातून त्यांनी मला डिंकाचे लाडू दिले होते. डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि त्यात काय घालून द्यावे हे ठरवण्यात मी तीन आठवडे घालवले. तोवर ते घर सोडून गेले होते. हा डबा नचिकेतने साताऱ्याला त्यांच्या आईंकडे पोचवावा. आत काय घालायचे ते आईने ठरवावे.

६. डब्यावरून कलम सातकडे यावे लागते.

श्री. अद्वय हे साताऱ्याकडच्या एका जहागीरदार घराण्यातले. घराण्याला एके काळी सात गावे इनाम होती. आता आडनाव उरले आहे आणि हे एक सर्वनाम. ते तोयोसुला एका कंपनीत इंजिनियर आहेत आणि लिफ्टमध्ये कोणी असेल तर जिन्याने जातात. ते राहायला आले त्या आठवड्यात त्यांची कचऱ्याची पिशवी उचलली न जाता, चिठ्ठी चिकटवून तशीच खाली पडली होती. मी तशी भित्री आहे, फोन वाजला तरी दचकते. पण नियम मोडलेला दिसला की माझी भीती कुठे जाते कळत नाही. यामुळेच इमारतीत मला ‘तिखट’ म्हणतात. मी पिशवी घेऊन ४०४ ची बेल वाजवली.

“ही पिशवी तुमची का?”

“आमचीच.”

“बाटल्यांची झाकणं काढून वेगळी टाकायची असतात. लेबलंसुद्धा.”

“आम्हांला ठाऊक नव्हतं. आम्ही क्षमा मागतो.”

मी त्यांच्या खांद्यावरून आत डोकावले. “आणखी कोण कोण आहे? सगळ्यांना एकदमच समजावते.”

“आम्ही एकटेच.”

“मग ‘मी’ म्हणा की! वॉर्ड ऑफिसात असं बोललात तर माणशी कर लावतील.”

ते कानापर्यंत लाल झाले आणि पहिल्यांदा हसले. त्यानंतर मी दंडच लावला. प्रत्येक ‘आम्ही’ला कोपऱ्यावरच्या कोनबिनीतली एक ओनिगिरी, म्हणजे त्या चोवीस तास उघड्या दुकानातला भाताचा गोळा. सुरुवातीला मला आठवडाभर जेवण करावे लागत नसे. नंतर ते “आ... मी” म्हणू लागले, आणि सात महिन्यांत नुसते ‘मी’. मला फार अभिमान वाटला. आपण एका माणसाची भाषा सुधारली असे मी स्नेहलताताईंना सांगितलेसुद्धा.

मला ते ‘केतकी-सान’ म्हणत. जपानी ऑफिसात ‘सान’, म्हणजे आपले ‘जी’, सगळेच सगळ्यांना म्हणतात, म्हणून मी त्यात काही पाहिले नाही. आता वाटते, त्यांना मला ताई म्हणायचे नव्हते आणि नुसते नाव घेण्याचा धीर नव्हता.

७. (दुरुस्त कलम.) एप्रिल २०२४ मध्ये पुण्याहून कश्मिरा नावाची मुलगी एका परिषदेसाठी तोक्योला आली होती. ती जहागीरदारांच्या आईंच्या मैत्रिणीची मुलगी. आईंच्या मनात काय आहे ते सगळ्या इमारतीला माहीत होते. २८ तारखेला तिला गाडीत बसवून द्यायला आम्ही दोघे स्टेशनवर गेलो. येथे ‘आम्ही’ म्हणजे दोघे. गाडी गेली. फलाट रिकामा झाला.

“केतकी-सान, एक विचारायचं होतं.”

“विचारा.”

बराच वेळ ते समोरच्या पाटीकडे पाहत होते. मग म्हणाले, “आम्ही लग्नाचा विचार करतोय. तुमची हरकत नसेल तर.”

मी गाडी गेली त्या दिशेला पाहिले. माझ्या मनात आले, ठरले तर यांचे. शेजारीण म्हणून विचारतात, किती ही सभ्यता.

“माझी कसली हरकत?” मी म्हणाले, मोठ्याने, हसत, कारण न हसता मला ते म्हणता आले नसते. “अभिनंदन! पेढे कधी देताय?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग ऑफिसात वाकतात तसे कमरेतून वाकले. “बरं,” ते म्हणाले. “आभारी आहे.”

माझ्यासमोर एकच माणूस उभा होता. मी मोजले नाही.

महिन्याभरात ते योकोहामाला राहायला गेले. तोयोसुचे ऑफिस तिथून बरे पडते असे त्यांनी सांगितले. निशी-कसाईहून तोयोसुला अर्धा तासही लागत नाही. हे वाक्यही मी तपासायला हवे होते. माझे कामच ते आहे.

८. या महिन्याच्या १० तारखेला आमच्या इथल्या भारतीय दुकानात, तूरडाळीच्या पोत्यांपाशी, एका बाईने मला थांबवले. कश्मिरा होती. ती आता इकडेच एका संस्थेत संशोधन करते.

“तुम्ही केतकी ना? ‘माझी कसली हरकत’वाल्या?”

मला काही कळेना. मी विचारले, तुमचे आणि अद्वय यांचे लग्न कुठे झाले?

“कुणाशी? राजांशी?” ती एवढ्या मोठ्याने हसली की दुकानदाराने मान वर केली. “अहो, मी इथे उतरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं. शेजारी एक जण आहेत, त्यांना विचारायचंय, पण जमत नाही. मीच म्हटलं, मला गाडीत बसवा आणि तिथल्या तिथे विचारा. आणि तुम्ही पेढे मागितलेत! त्यांना वाटलं थट्टा केली तुम्ही. थट्टा करायच्याच ना नेहमी.”

“ते ‘आम्ही’ म्हणाले.”

“घाबरले की म्हणतातच ते. तुम्हांला माहीत नव्हतं?”

मी डाळीची पिशवी खाली ठेवली. मग तिचे हसू थांबले. ती हळू आवाजात म्हणाली, “आता सांगून काही उपयोग नाही हो. डिसेंबरात साखरपुडा झाला. फलटणची मुलगी आहे, जयंती. बावीस फेब्रुवारीला लग्न. बाराला ते कायमचे परत चाललेत. आईसाहेबांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का, तर म्हणाले, ‘आमची कसली हरकत?’”

९. या दस्ताचा पहिला मसुदा मी त्याच आठवड्यात केला. त्यात एक कलम असे होते की, माझ्या मृत्यूनंतर श्री. अद्वय यांना एक बंद पाकीट द्यावे. ते कलम मी काढून टाकले आहे, आणि का काढले ते लिहिते, म्हणजे नचिकेत पाकीट शोधत बसणार नाही. मृत्युपत्रातून बोललेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही. मी गेले तर त्यांना उत्तर द्यायची जागा राहणार नाही. मी वाचले तर पाकीट कपाटात राहील आणि एक माणूस आयुष्यभर असे समजेल की त्याने जन्मात एकदाच धीर केला आणि समोरची हसली. दोन्ही वाईटच. म्हणून योकोहामाला जाऊन स्वतः तोंडाने सांगायचे ठरवले.

हे मी स्नेहलताताईंना सांगितले. त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, याच इमारतीत डब्यांचा व्यवसाय करतात, आणि पोळ्या लाटता लाटता न्यायनिवाडा करतात.

“आणि त्या जयंतीचं काय गं? तिने काय पाप केलं?”

“काहीच नाही. म्हणून तर दोन आठवडे गप्प बसले.”

“तो मोडेल का ठरलेलं?”

“नाही. त्यांच्याकडे दिलेला शब्द फिरवत नाहीत. मला ‘नाही’च म्हणतील.”

“मग ‘नाही’ ऐकायला एवढ्या लांब जातेस? ऑपरेशन तोंडावर आलेलं असताना?”

“त्यांना वाटतं मी ‘नाही’ म्हटलं, ताई.”

त्यांनी लाटणे बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, “स्वेटर घालून जा.”

लग्नाआधी सांगावे की नंतर, यावर मी पुष्कळ विचार केला. नंतर सांगितले तर त्यांच्या बायकोच्या वाट्याला ते ओझे जाईल. आधी सांगितले तर निदान त्यांच्या हातात काही असेल, आणि त्यांनी जे ठरवले ते सगळे माहीत असून ठरवले असे होईल.

१०. शस्त्रक्रियेबद्दल मी त्यांना काहीही सांगणार नाही. कश्मिराला ती माहीत नाही. स्नेहलताताई आणि त्यांचे यजमान विलासभाऊ यांनी कळवू नये. कुठलाही दस्त करताना माणूस शुद्धीत आणि दडपणाविना असावा लागतो, आणि दया हे दडपण आहे. ते मला फक्त माझ्यामुळे हो किंवा नाही म्हणोत. मी चार वाक्ये पाठ केली आहेत. त्यांत कोठेही ‘आपण’ किंवा ‘आम्ही’ नाही. ‘मी’ आणि ‘तुम्ही’ एवढेच आहे. माझे बोलून झाल्यावर ते जे म्हणतील ते मी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेईन, आणि हसणार नाही.

त्यांना निरोप पाठवला आहे. “भेटायचं आहे, एक चूक दुरुस्त करायची आहे,” एवढाच. तीन तासांनी उत्तर आले, “या.”

११. माझ्या मृत्यूनंतर श्री. अद्वय यांना साधे कळवावे, इतर ओळखीच्यांना कळवाल तसे. बाकी त्यांना जे कळायचे ते माझ्या तोंडूनच कळलेले असेल. अस्थी कृष्णेत सोडाव्यात. आईने विमानाचा प्रवास करू नये, नचिकेतने यावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी नचिकेत विश्वनाथ ओगले याने करावी. वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, दोनदा वाचला, शब्दावर बोट ठेवून वाचला, तो बरोबर आहे. खाली सही एकच आहे.

सही : केतकी विश्वनाथ ओगले

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली आणि ज्यांना यातून काहीही मिळणार नाही :
१. सौ. स्नेहलता विलास देवधर, राहणार निशी-कसाई (सही)
२. श्री. विलास रामचंद्र देवधर, राहणार निशी-कसाई (सही)

स्थळ : निशी-कसाई, तोक्यो
मृत्युपत्र केल्याचा दिवस : शनिवार, ३१ जानेवारी २०२६
योकोहामाला जाण्याचा दिवस : रविवार, ८ फेब्रुवारी २०२६