पायाला आलेल्या मुंग्या

आई, शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एक काम धरलंय, ते ऐकून तू हसशील. सुप्याच्या एका दवाखान्यात यंत्र बसवलंय. पेशंट बोलतो ते ऐकून ते डॉक्टरांसाठी टिपण लिहितं. चुकलेली टिपणं मी दुरुस्त करते, त्यावरून ते शिकतं. पहिल्याच दिवशी कारखान्यातला एक कामगार म्हणाला, "उभं ऱ्हाऊन पायाला मुंग्या येत्यात." यंत्रानं लिहिलं, कामाच्या जागी मुंग्या आहेत, फवारणी करावी. मग एक म्हातारी म्हणाली, "सुनंनं डोकं खाल्लंय नुसतं." तिला धनुर्वाताचं इंजेक्शन सुचवलं.

मला तू नर्स होतीस तो मिशनचा दवाखाना आठवला. मी सातवीत, सुट्टीत तुझ्याबरोबर आलेली. देवळालीकडची एक बाई बाकावर बसलीय. "काळजाचं पानी झालंय," म्हणते. केरळातले नवे डॉक्टर 'पाणी' एवढंच समजून तिच्या छातीला नळी लावतात आणि पाणी शोधत बसतात. मी फिदीफिदी हसते. तू दंडाला धरून मला बाहेर नेतेस. "ती तिचं दुखणं सांगतीय. तुझ्यापुढं परीक्षेला नाही बसली." मग तिच्याशेजारी टेकून विचारतेस, "कधीपासून होतंय, ताई?" तिच्या नवऱ्याला नुकतंच ऑपरेशनला आत नेलं होतं. ती पेशंट नव्हतीच. तू डॉक्टरांना म्हणालीस, "पाणी नाही सर, भीती." आणि तिला चहा पाजलास.

मी मात्र जन्मभर मास्तरीण. यंत्राला अर्थ पाठ करायला दिले. छातीवर दगड ठेवणे म्हणजे दुःख दाबून धरणे. आठवड्यानं एक शेतकरी आला. "छातीवर कुनी दगड ठेवल्यागत झालंय," म्हणाला. यंत्रानं आज्ञाधारकपणे लिहिलं, पेशंटने दुःख दाबले आहे, घरच्यांनी मन मोकळे करू द्यावे. डॉक्टरांनी त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला, कार्डिओग्राम काढला आणि त्याला तडक नगरला धाडलं. माणूस वाचला. मी टिपण पुन्हा वाचलं. चूक माझ्याच हातची होती.

तेव्हापासून मी नुसता अर्थ देत नाही. कोण बोललं, हात कुठं ठेवून बोललं, आधी काय घडलं, आणि पुढं तू काय विचारलं असतंस, ते सगळं लिहिते. आता यंत्राला शंका आली की ते ठरवून टाकत नाही, प्रश्न सुचवतं. परवा म्हातारी परत आली, तेव्हा त्यानं सुचवलं, सुनेने डोके कधीपासून खाल्ले आहे ते विचारावे. डॉक्टरांनी विचारलं. म्हातारी अर्धा तास सांगत होती, बाहेर रांग खोळंबली, आणि ती गोळ्या न घेताच खुशीत घरी गेली.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहून टाकते. शेवटच्या दुपारी तू म्हणालीस, "चल, निघते मी." मी म्हणाले, "कुठं निघालीस, सलाईन तरी संपू दे." तू हसलीस. मावशी अजून चारचौघांत सांगते, पोरीला काही कळलंच नाही. मीही मान डोलावते.

मला कळलं होतं.